विषय क्रमांक चार : मुष्टियुद्ध पाहणे

मी मुष्टियुद्धातला उपविजेता आहे. अंबाजोगाईला कॉलेजात असताना मिळालेलं पदक अजून घरात आहे आणि पाहुणे आले की ते मी बाहेर काढतो. माझ्या वजनी गटात आम्ही दोघंच होतो, ही गोष्ट मात्र पाहुण्यांचा चहा संपल्याशिवाय सांगत नाही. घंटा झाली, समोरच्याला आधी नमस्कार करावा की काय या विचारात मी दोन पावलं पुढे गेलो, आणि पुढचं जे आठवतं ते म्हणजे क्रीडाशिक्षक माझ्या तोंडावर पाणी मारतायत आणि म्हणतायत, "ऊठ लवकर, बक्षीस समारंभ सुरू झालाय."

एवढ्या भांडवलावर मी गावात मुष्टियुद्धाचा जाणकार झालो. गाव मांजरसुंब्याच्या फाट्यापासून आत, बालाघाटाच्या उतारावर. तिथल्या विविध कार्यकारी सोसायटीचा मी सचिव; लोक सेक्रेटरी म्हणायचे. गावाला वेड कुस्तीचं. यात्रेच्या फडाला लोक लेकीच्या लग्नाची तारीख पुढे ढकलून येणारे. मुष्टियुद्ध बघणारी माणसं सगळ्या गावात मोजून तीन. एक मी. दुसरा माझा शाळेपासूनचा दोस्त, त्याचं चौकात कटिंगचं दुकान होतं आणि दुकानात डिशच्या छत्रीवाला टीव्ही होता. तिसरे फौजी.

फौजी हवालदार म्हणून रिटायर होऊन आलेले. अंगानं वाळक्या शेंगेसारखे, पण पलटणीकडून बारा वर्षं हलक्या वजनात खेळलेले. घरी पत्र्याच्या पेटीत हातमोज्यांचे चार जोड होते, त्यांना ते दर महिन्याला शेंगदाण्याचं तेल लावायचे. बोलायचे कमी. सामना बघताना हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसायचे आणि मधूनच नुसतं "पाय" एवढंच म्हणायचे. मग आम्ही दोघं समोरच्याच्या पायांकडे बघायचो आणि काही कळलं नाही तरी मान हलवायचो.

अमेरिकेतली शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपली रविवारची सकाळ, आणि रविवारची सकाळ म्हणजे कटिंगच्या दुकानात गर्दी. एकदा एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून आम्ही पुरत्या बारा फेऱ्या पाहिल्या. साबण वाळून त्याच्या गालाला शेतासारख्या भेगा पडल्या होत्या. तो उठून गेला तेही आम्हाला नंतर कळलं.

त्या साली पावसानं दुसऱ्यांदा दगा दिला होता. सोसायटीच्या बाजूच्या गायरानात चारा छावणी लागली होती आणि अर्धं गाव जनावरांसकट तिथं राहायला गेलं होतं. पेरणीच नाही म्हटल्यावर खत कोण उचलणार? सोसायटीचं खताचं गोदाम रिकामं पडलं. पोरं दिवसभर फाट्यावर धाब्यासमोर बसून येणारे-जाणारे ट्रक बघायची. अशात एक दिवस फौजी कार्यालयात आले, सावधान उभे राहिले आणि माझ्यासमोर अर्ज ठेवला. मी आयुष्यात हजारो अर्ज वाचले, तेवढा चांगला अर्ज वाचला नाही. त्यात लिहिलं होतं, 'गोदाम रिकामे आहे. मुले रिकामी आहेत. मी रिकामा आहे. सकाळी दोन तास मुष्टियुद्ध शिकवण्याची परवानगी मिळावी.' खाली सही, आणि सहीखाली पलटणीतला नंबर.

गावात आल्यापासून या माणसानं कुणाकडे काही मागितलं नव्हतं. शेजाऱ्याकडे विरजणसुद्धा नाही. मी तिथल्या तिथं ठरवलं की हे काम करायचंच. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक फजित्यांची सुरुवात अशाच चांगल्या भावनेनं झालेली आहे.

अर्ज संचालक मंडळापुढे गेला. चेअरमन म्हणाले, मारामारी गावात न शिकवताच एवढी चालते, तर आणखी क्लास कशाला काढायचा. संचालकांत एक वस्ताद होते. जुने पैलवान, मान आणि खांदा यांच्यात फरक न राहिलेले. त्यांचं म्हणणं, ज्यात समोरच्याला पाडून त्याच्या छातीवर बसता येत नाही तो खेळ कसला. बाकीचे वस्ताद म्हणतील त्याला मान हलवणारे. शेवटी चेअरमन म्हणाले, "आमी ह्यो खेळ कदी बघितलाच न्हाई. न बघता ठराव कसा करावा?"

इथं माझं डोकं चाललं. ते चालायला नको होतं.

टीव्हीवर त्या दिवसांत एका हेवीवेट स्पर्धेची जाहिरात धो धो चालू होती. आठ जण, एकाच दिवशी बाद फेरी, शेवटी एक राजा. तुताऱ्या, आगीचे लोळ, धुरातून बाहेर येणारे राक्षस. मी म्हटलं, मंडळाला हेच दाखवू. फौजींना पटलं नाही. ते म्हणाले, "सेक्रेटरी, हेवीवेट नको. हलक्या वजनातले दाखवा. खेळ तितं दिसतो, पाय तितं दिसतात."

"फौजी, पाय बघायला कोण येतंय?" मी म्हटलं. "साठ किलोचा गडी दाखवला तर वस्ताद म्हणतील, याला आधी जेवायला वाढा."

आणि खरं सांगतो, मी आमच्या लोकांना ओळखून होतो. आमच्याकडे बैल बघायचा तर आधी वशिंडाकडे नजर जाते, पैलवान बघायचा तर मांडीकडे, आणि पाहुणा बघायचा तर तो बसल्यावर बाज किती वाकते याकडे. वजन नाही त्याला किंमत नाही. तेव्हा सगळ्यात जड माणसं दाखवली की सगळ्यात चांगला खेळ दिसणार, यात शंका घ्यावी असं मला काही सुचलं नाही. फौजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि "जशी आज्ञा" म्हणाले. पलटणीत बहुधा मूर्ख साहेबांना ते असंच म्हणत असावेत.

मी रीतसर सभा लावली. नोटिशीवर विषय काढले. एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. दोन, छावणीतील पाण्याचा हौद. तीन, कडबाकुट्टीची दुरुस्ती. चार, मुष्टियुद्ध पाहणे व त्यावर निर्णय घेणे. पाच, मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय. रविवार, सकाळी सात. शिवाय आठवडाभर मी तोंडी जाहिरात केली. एका संचालकाला सांगितलं की या आठातल्या एकाच्या ठोशानं भिंतीला तडा गेलाय. संध्याकाळी छावणीत तीच बातमी मला परत ऐकायला मिळाली, तेव्हा भिंत पडून खाली रेडा मेला होता. मी दुरुस्ती केली नाही.

रविवारी दोस्तानं दुकान बंद ठेवून टीव्ही आणि छत्री सोसायटीत आणली. लाइट नव्हती, म्हणून छावणीतल्या कडबाकुट्टीचं जनरेटर ओढून आणलं. त्यामुळे वैरण कापायची थांबली आणि शे-दीडशे जनावरं सकाळच्या चाऱ्यासाठी हंबरत राहिली, ती शेवटपर्यंत. छावणीतली माणसं खिडक्यांना येऊन चिकटली. फौजी इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी घोटून आले होते आणि पेटीतले मोज्यांचे दोन जोड बरोबर आणले होते. निर्णय झाल्यावर मंडळाला दाखवू म्हणून.

आता सहकारातली आमची एक पद्धत सांगायला हवी. सभा संपली की संचालक पांगतात. एक मळ्यात, एक बीडला, एक छावणीत म्हशीमागे. मग सह्यांसाठी सचिवानं प्रोसिडिंगचं पुस्तक काखेत मारून आठ दिवस रानोमाळ हिंडायचं. म्हणून शहाणा सचिव पोह्यांच्या वेळीच सह्या घेऊन टाकतो. डाव्या हातात बशी, उजव्या हातात पेन. ठराव मागाहून सवडीनं लिहायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पण मी त्या दिवशी शहाण्यापेक्षाही शहाणा झालो होतो. ठरावसुद्धा मी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता, चांगल्या अक्षरात, मनापासून. पोहे आले, सह्या झाल्या, पुस्तक मिटून मी टेबलाच्या खणात ठेवलं आणि टीव्ही लावला.

पहिल्या जोडीचं नाव घेणारा माणूस इतका लांब सूर लावत होता की वस्ताद म्हणाले, याचाच दम बघायला आणलंय का. मग ते दोघं आले. एकाचं पोट तीन मजली होतं. दुसऱ्यानं चड्डी छातीपर्यंत चढवली होती. वजनाचा आकडा पडद्यावर आला तसा खोलीत समाधानाचा हुंकार उमटला, आणि मी चेअरमनकडे बघून हसलो.

घंटा झाली. दोघं एकमेकांभोवती फिरले. आणखी फिरले. मग तीन मजल्यानं एक हात पुढे केला, चड्डीवाल्यानं तो काखेत धरला आणि दोघांनी मिठी मारली. पंचानं सोडवलं. पुन्हा फिरले, पुन्हा मिठी. अशा नऊ मिठ्या एका फेरीत झाल्या. छावणीतला एक म्हातारा खिडकीतून म्हणाला, लई दिसांनी भेटलेत वाटतं.

मी सांगितलं की हा डावपेच आहे, एकमेकांचा अंदाज घेतायत. तीन फेऱ्या अंदाज घेण्यात गेल्या आणि सामना संपला; गुणांवर चड्डीवाला जिंकला. दुसऱ्या लढतीत एक जण पहिल्या फेरीनंतर स्टुलावर बसला तो उठलाच नाही. त्याचा हात दुखत होता म्हणे. त्यानं त्या हातानं काही केलेलं आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. तिसऱ्या लढतीत पाय घसरून एक पडला, त्याच्या अंगावर दुसरा पडला, आणि दोघांना उठायला इतका वेळ लागला की मध्ये जाहिराती झाल्या. वस्ताद मात्र एवढ्यापुरते पुढे सरकले होते. त्यांना वाटलं खरा खेळ आता सुरू झाला.

चौथ्या लढतीपर्यंत त्यांची सवय उफाळून आली. आमच्या फडात दोन पैलवान नुसतेच अंगाला अंग लावून उभे राहिले की पंच आखाड्यात उतरतात, दोघांचे हात धरून कुस्ती बरोबरीत सोडवतात आणि पुढची जोडी बोलावतात. वस्तादांनी हे काम चाळीस वर्षं केलेलं. पडद्यावर दहावी मिठी झाली तसे ते खुर्चीतून उठले, टीव्हीसमोर गेले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "सोडवा. पुढची जोडी घ्या." दोस्तानं त्यांना समजावून जागेवर आणलं.

उपांत्य फेरीत तर कहर झाला. स्टुलावर बसून राहिलेल्या माणसाला हरवून जो पुढे गेला होता, त्याच्या डोळ्याला काहीतरी झालं, म्हणून त्याच्या जागी पहिल्या लढतीत हरलेला तीन मजली माणूसच परत आला. एका संचालकानं विचारलं, हरलेला गडी परत कसा काय आला. हळूहळू सगळ्यांचे डोळे चेअरमनकडे वळले. ते निवडणुकीत पडले होते आणि महिनाभरानं स्वीकृत संचालक म्हणून मागच्या दारानं येऊन खुर्चीवर बसले होते. चेअरमननी पंखा बंद असताना पंख्याकडे बघितलं.

तो तीन मजली माणूस अंतिम फेरीत पोचला, आणि जिंकला. कसा, ते विचारू नका. शेवटच्या फेरीत दोघं एकमेकांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभे होते, एक बाजूला झाला असता तर दुसरा पडला असता, म्हणून कुणी बाजूला होत नव्हतं. राजा म्हणून त्याचा हात वर करायची वेळ आली तेव्हा त्याला तो उचलवेना. पंचानं दोन्ही हातांनी उचलून धरला.

माझा दोस्त सकाळपासून शिव्या गिळत होता. तो उठला, टीव्ही भिंतीकडे तोंड करून फिरवला आणि मला म्हणाला, "काय बे सेक्रेटरी, ह्याच्यापायी मी रविवारचं गिऱ्हाईक सोडलं?" मी काही बोलणार तेवढ्यात माझी नजर फौजींकडे गेली. ते तसेच ताठ बसले होते, हात गुडघ्यांवर. पण मोज्यांचे जोड त्यांनी हळूच खुर्चीखाली सरकवले होते. आयुष्यभर ज्या खेळासाठी खपले त्याची मापं कुणीतरी भर सभेत काढावीत आणि ती काढायला आपल्याच दोस्तानं लोक गोळा करून आणावेत, असं त्यांचं तोंड झालं होतं. मला पहिल्यांदा भीती वाटली.

चेअरमननी घसा खाकरला. मघाशी पंख्याकडे बघायला लागलं त्याचा हिशेब त्यांना चुकता करायचा होता. म्हणाले, मंडळानं खेळ पाहिला, खेळ पसंत पडला नाही, अर्ज नामंजूर, लिहा.

एरवी मान हलवून विषय संपला असता. पण त्या दिवशी महिला राखीव जागेवरच्या संचालक अक्का स्वतः आल्या होत्या. एरवी त्यांच्याऐवजी त्यांचे मालक येऊन बसायचे. त्या दिवशी मालक छावणीत व्यायला झालेल्या म्हशीपाशी अडकले होते. अक्कांनी पदर सारखा केला आणि विचारलं, "त्या आठातला एक तरी आपल्या गोदामात शिकवाया येणार हाय का?"

"न्हाई," चेअरमन म्हणाले. "ते कावून येतील?"

"मग त्येंच्यावरून फौजींचं कावून ठरवायलाव?"

बाहेर जनावरं हंबरत होती. चेअरमन माझ्यावर ओरडले की लिहा म्हटलं ना, पुस्तक कुठंय. मी म्हटलं, पेनातली शाई संपली. चेअरमननी आपलं पेन दिलं. मी म्हटलं, पुस्तक खणात आहे आणि खण अडकलाय. अक्का उठल्या, त्यांनी एका बोटानं खण ओढला. तो सहज उघडला. "मी सकाळी कशावर सही केली ती तरी बघू," असं म्हणत त्यांनी पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचायला लागल्या.

'विषय क्रमांक चार. सदर रोमहर्षक मुष्टियुद्ध मा. संचालक मंडळाने श्वास रोखून पाहिले. खेळाडूंची चपळाई, शौर्य व शिस्त पाहून मा. सदस्य भारावून गेले. मा. अध्यक्षांनी उभे राहून टाळ्या वाजविल्या. अत्यंत समाधान व्यक्त करून, श्री. फौजी यांना गोदाम वापरण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.' खाली सगळ्यांच्या सह्या. चेअरमनच्या सहीवर पोह्याचा तेलकट डाग.

खिडक्यांमधून जे हसू आलं त्यानं जनरेटरचा आवाज दबला. एक संचालक हसता हसता बाकावरून घसरला. चेअरमन लाल झाले. उभं राहून टाळ्या वाजवल्याचं त्यांना फार लागलं होतं. मी खुलासा करायला गेलो की ही केवळ प्रशासकीय सोय आहे. माझा खुलासा कुणी ऐकला नाही, आणि ते बरंच झालं.

हसले नाहीत ते फौजी. ते उठून टेबलाशी आले, ठराव स्वतः वाचला, सावकाश, बोट ठेवून. मग मला म्हणाले, "हे पान फाडा."

"फाडता येत नाही, फौजी. पानांना नंबर असतात."

"मग खोडा. मला खोट्यावर गोदाम नको." आणि चेअरमनकडे वळून म्हणाले, "साहेब, माझा अर्ज मी माघारी घेतो. तुमचा टाइम गेला, माफी असावी." त्यांनी खुर्चीखालून मोजे काढले, काखेत मारले आणि दाराकडे निघाले. बारा वर्षं पलटणीकडून खेळलेला माणूस, एक अर्ज केला आणि माझ्या चांगुलपणानं तो त्याच्याच हातानं माघारी घ्यायला लावला.

दारात वस्ताद बसले होते. त्यांनी पाय आडवा घातला.

"फौजी," वस्ताद म्हणाले, "आमी टीव्हीतलं बघितलं. तुजं कुटं बघितलं?"

"माजं वय झालं, वस्ताद."

"त्या तीन मजल्याचं काय कमी होतं? मोजे हायेत ना? दाव."

फौजींनी विचारलं, कुणाबरोबर. वस्तादांनी मान फिरवली, कारण त्यांना गडी मानेनं दाखवायची सवय होती, आणि ती मान माझ्यावर येऊन थांबली. दोस्तानं लगेच आवाज दिला की सेक्रेटरी उपविजेते आहेत. पदकाची गोष्ट त्याला पूर्ण माहीत होती. असल्या वेळेसाठीच त्यानं ती मनात जपून ठेवली होती.

गोदामासमोरच्या फरशीवर लोकांनी गोल केला. फौजींनी इस्त्रीचा शर्ट काढून घडी घातली आणि अक्कांच्या हातात दिली. आत बनियन, बनियनमध्ये माणूस म्हणावा इतकं काही दिसत नव्हतं. माझं वजन त्यांच्या दीडपट. मी मनात ठरवलं, हळू मारायचं, म्हाताऱ्याची इज्जत राहिली पाहिजे.

मी एक ठोसा मारला. फौजी तिथं नव्हते. दुसरा मारला, तिथंही नव्हते. ते पळत नव्हते, उडत नव्हते, फक्त जिथं मी मारायचो तिथून वीतभर बाजूला असायचे आणि माझ्याकडे काळजीनं बघायचे. चपला न घातलेले त्यांचे पाय फरशीवर असे सरकत होते जसं कुणी तव्यावर भाकरी फिरवतंय. मी जोरात मारायला लागलो. इज्जतीचा विचार तोवर मागे पडला होता, प्रश्न आता माझ्या इज्जतीचा होता. एक ठोसा इतक्या ताकदीनं हवेत गेला की मी पूर्ण फिरून प्रेक्षकांसमोर उभा राहिलो आणि गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं मला हात धरून परत वळवलं.

मिनिटभरात माझा दम गेला. मग फौजींनी पहिल्यांदा हात लावला. मारलं नाही, लावला, पोटाला, बोटानं दार वाजवावं तसा. सकाळचे पोहे मला पुन्हा आठवले. दुसऱ्यांदा हात येतोय हे दिसलं आणि मी डोळे मिटून पुढे झालो आणि फौजींना घट्ट मिठी मारली.

त्या क्षणी, देवाशपथ, अमेरिकेतल्या त्या आठही जणांची मी मनोमन माफी मागितली. मिठी मारल्यावर फार बरं वाटतं. सोडावीशी वाटत नाही. लोकांतून "सोडवा, सोडवा" असा गजर चालला होता आणि वस्ताद खरंच मध्ये आले, माझे हात एकेक करून सुटे केले आणि मला बाजूला बसवलं. मग ते फौजींकडे वळले. हसत नव्हते. त्यांनी फौजींच्या पायांकडे बोट केलं.

"ही चाल कुटं शिकलास?"

"पलटणीत. पयले सहा महिने हात लावूच देत न्हाईत, नुसतं चालवतात."

वस्तादांनी वाकून ते पाय जवळून बघितले. मग म्हणाले, "आमाला आमच्या वस्तादानं पयलं वरीसभर मातीच फक्त उकरायला लावलती." आणि चेअरमनकडे न बघता सांगितलं की गोदाम द्या.

वस्ताद म्हणाले म्हटल्यावर माना हलल्या. चेअरमन एकटे राहिले, ते म्हणाले पण लिहिलेल्या खोट्याचं काय. अक्का अजून फौजींचा शर्ट हातात धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, मुष्टियुद्ध बघितलं हे खरं, शिस्त बघितली हे खरं, श्वास सेक्रेटरींचा अडकला तोही धरा. राहिल्या टाळ्या, त्या चेअरमननी आता वाजवाव्यात म्हणजे झालं. चेअरमननी इकडं तिकडं बघितलं. खिडक्या रिकाम्या झाल्या होत्या, सगळी छावणी अंगणात उभी होती आणि वाट बघत होती. त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या. तिसरी अर्धी झाली.

मग अक्कांनी पेन घेतलं आणि ठरावाच्या शेवटी स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली : 'खताचा पहिला ट्रक येईपर्यंत.' फौजींनी ती वाचली आणि मान डोलावली. पाऊस यावा असं वाटणाऱ्यांत तेही होतेच, त्यांचीही दोन एकर कोरडीच होती. त्यांनी शर्ट घातला, गुंड्या लावल्या, आणि मला विचारलं, "लागलं न्हाई ना?" मी नाही म्हटलं. दोन दिवस मी पालथा झोपू शकलो नाही.

सोमवारी सकाळी सहाला मी गोदामाचं कुलूप काढायला गेलो तेव्हा फौजी आधीच उभे होते. फाट्यावरची नऊ पोरं आली होती. वस्ताद घरून खुर्ची घेऊन आले होते आणि दाराशी बसून सगळ्यांच्या पायांवर लक्ष ठेवत होते. जुन्या खताच्या वासानं सगळे शिंकत होते. फौजींनी चुन्यानं फरशीवर चौकोन आखला, पोरांना चारी कडांनी उभं केलं आणि मला म्हणाले, या सेक्रेटरी, मध्ये उभे राहा.

मी म्हटलं, "मी कशाला? मी कुलूप काढायला आलतो."

"पोतं भरायला वाळू मिळाली न्हाई अजून," फौजी म्हणाले. "पोरांना नेम शिकवायला काहीतरी मोठं आणि जागचं न हलणारं लागतं." त्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या मोज्यांचे बंद बांधले, दोनदा ओढून बघितले, आणि आदल्या दिवसापासून पहिल्यांदा हसले. "हात वर ठेवा. आज तोंडाचा धडा हाय."